सिस्टरांचा रविवार

"आधी गुडघं, मग पाय," असं म्हणत सिस्टर घरातल्या लोखंडी खाटेशी गुडघे टेकायच्या. प्रार्थना होईपर्यंत आम्ही बाहेर ओट्यावर ताटकळायचो. मग पदर खोचून, चपला घालून त्या कुणाची ना कुणाची तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात नाहीतर तहसिलीत निघायच्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, ख्रिस्ती. तुळजापुरात त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. मी बौद्ध घरातला, कामगारांची संघटना चालवणारा आणि आवाजानं मोठा.

खरं सांगतो, मला त्यांचा हेवा वाटायचा. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. अन्यायाशी दिवसभर भांडतात आणि घरी येऊन शांतपणे जेवतात. मी भांडून आलो की घरात कुणी माझ्याशी बोलायला धजत नसे.

एका लॉजमध्ये चादरी धुणाऱ्या बाईवर भाविकाची सोनसाखळी चोरल्याचा आळ आला. मालकानं तिला कामावरून काढलं आणि तिचा फोटो दाराच्या काचेवर चिकटवला. खाली लिहिलं, 'चोरापासून सावध'. तिची मुलगी शाळेत जाईना.

मी रविवारी सकाळी मोर्चा ठरवला. सिस्टर म्हणाल्या, "तवा मी उपासनेला असते."

"अन्याय रविवारची सुट्टी घेतो का, सिस्टर?"

"न्हाय घेत. पण मला घ्यावी लागती. न्हायतर मी तुमच्यासारखी व्हईन."

सगळे हसले. मी आठवडाभर धुमसत होतो.

मोर्चा झाला. पेपरात माझा फोटो आला. काचेवरचा फोटो मात्र तसाच राहिला.

सोमवारपासून सिस्टर रोज लॉजच्या काउंटरसमोर जाऊन बसू लागल्या. "फोटो काढा," एवढंच म्हणायच्या. मालक म्हणायचा, "बघू." शेवटी ठाण्यातल्या एका हवालदारानं त्यांना त्या भाविकाचा नंबर मिळवून दिला. हवालदाराच्या बायकोचं बाळंतपण सिस्टरांनीच केलं होतं. सिस्टरांनी फोन लावला. साखळी दुसऱ्याच दिवशी बॅगेच्या अस्तरात सापडली होती, आणि भाविकानं तसं लॉजवर कळवलंही होतं.

म्हणजे मालकाला सगळं ठाऊक होतं! "आता भर चौकात त्याची इज्जत काढतो," मी ओरडलो. सिस्टर पुन्हा खाटेशी. ओट्यावरून मला ऐकू आलं, त्या मालकाचं नाव घेऊन त्याच्यासाठी प्रार्थना करत होत्या. माझं डोकंच फिरलं.

पण त्या बाईला घेऊन आम्ही लॉजवर गेलो, तेव्हा सिस्टर तसूभरही मऊ पडल्या नाहीत. "फोटो तुमच्या हातानं काढा. सगळ्या नोकरांसमोर सांगा, ही चोर न्हाय. आन् ठाण्यात तसं लिहून द्या. तवर आमी इथनं हलत न्हाय."

मालकानं मान खाली घालून तिन्ही गोष्टी केल्या. ती बाई सिस्टरांच्या गळ्यात पडून रडली. मला तिनं लांबूनच हात जोडले. ते जोडलेले हात मला अजून टोचतात.

गेल्या उन्हाळ्यात सिस्टर गेल्या. दफनाला गेलो तेव्हा भाषणाचा कागद माझ्या खिशात होता. ती बाई शेजारी येऊन उभी राहिली.

"सिस्टर तुमच्याबद्दल लई बोलायच्या, भाऊ."

"काय बोलायच्या?"

"म्हणायच्या, माणूस लई चांगला हाय. नुसता दमलाय."

दोन शब्द बोलायला मला पुढं बोलावलं. मी मान हलवून नको म्हटलं आणि मूठभर माती घेऊन सगळ्यांच्या मागं रांगेत उभा राहिलो.