फौजीकाकांची दोरी

आमच्या घरात दुखणं सांगायची सोय नव्हती. बाबा आकुर्डीत कंत्राटी कामगार. खाडा झाला की त्या दिवसाचा रोज बुडायचा. ताप आला तर अंगावर काढायचा. त्याच घरातला मी पहिला पदवीधर, चाकणच्या कंपनीत इंजिनिअर. त्याचा अभिमान मला आजही आहे.

कंपनीच्या गेटवर पहाऱ्याला फौजीकाका असायचे. मूळचे मावळातले, सैन्यात डोंगरावरच्या ठाण्यांवर आजाऱ्यांची शुश्रूषा केलेले. "बरं हाय का?" विचारायचे आणि उत्तर ऐकण्याऐवजी समोरच्याचं तोंड न्याहाळत बसायचे.

आमचा ट्रेकग्रुप हिमालयात निघाला तेव्हा आम्ही त्यांनाही नेलं. तिथली एक खिंड ओलांडायची त्यांची फार वर्षांची इच्छा होती. रोज सकाळी ते जमिनीवर दोरी अंथरायचे आणि टाचेला चवडा लावत प्रत्येकाला तिच्यावरून चालवायचे.

"काका, दारू पिऊन आलेले पकडताय काय?" मी म्हणालो. सगळे हसले.

"हसा. वर हवा पातळ, ती बाधली का ते ह्या दोरीवर कळतं. निसतं डोकं दुखलं तर थांबायचं, वर जायचं न्हाई. थांबूनबी वाढलं तर खाली. आन तोल गेला, माणूस बरळाय लागला, बसल्या जागी धाप लागली, तर इचार करायचा न्हाई. लगीच खाली, आन एकट्याला सोडायचं न्हाई."

माझं डोकं दोन दिवस ठणकत होतं, जेवण नको झालं होतं. विचारलं की मी "एकदम मस्त" म्हणायचो.

"इंजिनिअर साहेब, डोंगरावर खाडा मांडत न्हाईत. दुखतंय ते सांगा."

मी नाही सांगितलं. खिंडीच्या दिवशी बाकीचे गाइडबरोबर पुढे गेले. मी रेंगाळलो, म्हणून काका मागे थांबले. वाटेतच त्यांनी दोरी टाकली. तिसऱ्या पावलाला मी खाली बसलो.

"आज वार कोणता?"

"सेकंड शिफ्ट," मी म्हणालो म्हणे.

त्यांनी माझी सॅक स्वतःच्या पोटाशी बांधली, मला खांद्याला धरलं आणि खिंडीकडे पाठ फिरवली. ती वर अगदी जवळ दिसत होती. खालच्या गावात मला भान आलं.

"काका, तुमची खिंड..."

"ती कुठं पळती?"

परतल्यावर कॅन्टीनमध्ये कुणीतरी विचारलं, "फौजीकाकांना झेपलं नाही का राव?"

मी म्हणालो, "वय झालं ना त्यांचं."

काका शेजारच्याच टेबलावर होते. चहा संपवत म्हणाले, "व्हय, वय झालंच की."

माझं ते खोटं मी दोन वर्षं सांभाळलं. त्यांच्या निरोपाच्या दिवशी, त्याच कॅन्टीनमध्ये, सगळ्यांसमोर खरं सांगितलं. उशीर झाला होता. काकांचे गुडघे गेले होते, खिंड राहिली ती राहिलीच. त्यांनी नेहमीसारखं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि दोरी हातात दिली.

यंदा डोंगरावर माझं डोकं दुखलं. मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं आणि खालच्या मुक्कामी थांबलो. आमच्या घरातल्या माणसानं दुखणं तोंडानं सांगितलं, ते पहिल्यांदा.