नाण्यावर चढलेली खरपुडी

कोल्हापुरात हातानं ठसा कोरणारी बाई मी एकटीच. दुसरी कोणी असेल तर तिनं खुशाल समोर यावं, चहा पाजते. वडिलांच्या शेजारी बसून शिकले तेव्हा गुजरीतले सराफ त्यांना म्हणायचे, पोरीच्या हातात छिन्नी कशाला देताय? आता तेच सराफ देवांचे टाक नि पैंजणांची पानं करून घ्यायला माझ्याच दारात येतात. आमच्या कामाची एकच मेख आहे. पोलादाच्या ठशात सगळं उलटं कोरायचं, म्हणजे चांदीवर ते सुलटं उमटतं. उलटी अक्षरं मी इतकी झरझर काढते की सुलटं लिहिताना हात अडखळतो.

गेल्या वर्षी गणपती गेल्यावर नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळातले एक सर आले. जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. मंडळाला चांदीचं एक नाणं काढायचं होतं, बाजारात चालणारं नव्हे, संग्रहात ठेवायचं. एका बाजूला मंडळाचं नाव, दुसऱ्या बाजूला आपल्या डोंगरातलं एक दुर्मीळ रानफूल. सरांनी मोबाइलवर फोटो दाखवला. करवंदीच्या फांदीला वेढे घालत चढलेली बारीक वेल आणि तिच्यावर बोटाच्या पेराएवढं फूल. बुडाशी फुगीर, मधे नळी, वर पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटलेली. हुबेहूब कंदील.

"कंदीलपुष्प," सर म्हणाले. "आता शोधून शोधून चार दिसतात." जाता जाता दारात थांबले आणि म्हणाले, "ताई, खाली कोपऱ्यात तुमचं एक अक्षर कोरा. करणाऱ्याची खूण असावी नाण्यावर."

वडिलांचं सगळं आयुष्य या कामात गेलं, पण त्यांच्या एकाही ठशावर त्यांचं नाव नाही. टाक घरोघरी देव्हाऱ्यात बसले, करणारा कोण ते कुणी विचारलं नाही. आणि मला अक्षर मिळणार होतं! इतका आनंद झाला की फुलाच्या आधी मी ते अक्षरच कोरून मोकळी झाले. बाजारात तुरी नि भट भटणीला मारी, दुसरं काय.

मग तीन आठवडे फुलाचं काम चाललं. मंडळाचं नाव ट्रेसिंग कागदावर काढून, कागद पालथा घालून उतरवलं, रीतसर. फुलासाठी मात्र मोबाइल समोर टेकवला, डोळ्याला भिंग लावलं आणि बघून बघून कोरत गेले. फुलाला कसलं आलंय डावं-उजवं? ठशाचा फोटो सरांना पाठवला. "अप्रतिम," असं उत्तर आलं. मी घरात दिवसभर मान ताठ करून हिंडले.

आता फक्त ठशाला पाणी द्यायचं राहिलं होतं. म्हणजे पोलाद लाल करून विझवायचं. एकदा पाणी दिलं की ते असं कडक होतं की त्यात पुन्हा रेघ ओढता येत नाही. म्हणून आधी शिशाच्या चकतीवर एक छाप घेऊन बघतात. मी छाप घेतला आणि लसूण सोलत बसलेल्या सासूबाईंच्या हातात दिला. त्या जोतिबाच्या डोंगराखालच्या गावच्या, शाळेची पायरी न चढलेल्या. आम्ही त्यांना आत्ती म्हणतो.

"अगं, ही तर खरपुडी!" आत्तींचा चेहरा असा फुलला की बस्स. "ढोरं राखताना आमी हिचं कंद उकरून खायचो. दुधावानी गोड. आता नाण्यावर बसली व्हय ही?" मग त्यांनी चकती डोळ्यांजवळ धरली. "पर ही येल उलटी चढल्या की गं."

"वेल कुठं उलटी असते होय आत्ती?"

"असती की. खरपुडी अशी चढत न्हाय."

माझं डोकंच फिरलं. तीन आठवडे डोळे फोडले होते, कॉलेजच्या सरांनी वा म्हटलं होतं, आणि ह्या मला शिकवणार! मी बोलून गेले, "तुम्हाला अक्षर म्हणजे ओ की ठो कळत नाही, माझ्या कामात कशाला तोंड घालता? लसूण सोला."

एरवी आमच्या घरात आत्तींचा आवाज कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातो. आज त्या उठल्या, आतून लाटणं नि परकराची नाडी घेऊन आल्या आणि माझ्यासमोर लाटण्याला नाडीचे वेढे देऊ लागल्या. "करवंदीच्या जाळीत हात घालून येल अशी उलगडत बुडापातूर जायचं. वडली की तुटती, मग कंद कुठला गावतोय? माझ्या हाताला ठावं हाय ते. अक्षर न्हाय येत, येल येती."

मी तणतणत मोबाइल उघडला, त्यांची चूक दाखवायला. फोटोत वेल डावीकडून उजवीकडं वर चढत होती, लाटण्यावरच्या नाडीसारखी. शिशावर ती उजवीकडून डावीकडं चढत होती. बघून बघून सुलटी कोरली म्हणजे छापात उलटीच येणार! शिकाऊ पोरगं करणार नाही ती चूक मी केली होती, नि सरांनाही ठशाचाच फोटो पाठवल्यामुळं कळलं नव्हतं.

नवरा शिरोलीला एका कारखान्यात लेथवर कामाला असतो. संध्याकाळी त्यानं चकती बघितली आणि हसलाच. "उलट्या आट्याचा बोल्ट झालाय की हा. पण सोड की, कुणाच्या बापाला कळतंय?"

"आत्तींना कळलं की," मी म्हटलं.

एवढं बोलल्यावर पुढचं ठरवायला वेळ लागला नाही. सरांना फोन करून खरं ते सांगितलं आणि मुदत वाढवून मागितली. नवऱ्यानं फुलाचा ठसा शिरोलीला नेऊन तोंड घासून सपाट करून आणला. फूल गेलं, वेल गेली, कोपऱ्यातलं माझं अक्षरही भुशात गेलं. मी आत्तींपुढं जाऊन उभी राहिले. "चुकलं माझं. तसं बोलायला नको होतं."

"चुकलं तर चुकलं. चा ठेव."

दुसऱ्यांदा कोरताना त्या शेजारीच बसून असायच्या. या वेळी कागद पालथा घालूनच वेल उतरवली. छाप घेतला, आत्तींनी वेलीवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. "आता बराबर चढली. पर कंद कुठाय?"

"कंद जमिनीत असतो. नाण्यावर फुलाचं कौतुक आहे."

"कंद न्हाय तर ही उगवली कशातनं?"

वेलीच्या बुडाशी जागा म्हणाल तर एवढीशी होती, माझ्या अक्षराची. दोन दिवस मी त्या कोपऱ्याला हात लावला नाही. अक्षर मला हवं होतं, खोटं कशाला बोलू. वडिलांचंही तेच अक्षर आहे. पण नाण्यावर खूण करणाऱ्याची हवी, असं सर म्हणाले होते, आणि ती वेल नीट चढवली कुणी ते मला पक्कं माहीत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी भिंग लावलं आणि त्या जागी तुरीच्या डाळीएवढा कंद कोरला. मग ठशाला पाणी दिलं.

नाणी तयार झाली तेव्हा सर एक नाणं द्यायला स्वतः घरी आले. भिंगातून बराच वेळ बघून म्हणाले, "काम सुरेख झालंय. पण ताई, तुमचं अक्षर कुठं आहे?"

मी काही म्हणायच्या आत आत्तींनी त्यांच्या हातातून नाणं घेतलं आणि वेलीच्या बुडाशी नख टेकवलं.

"ह्ये बघा पावणं," त्या म्हणाल्या, "हितं खणायचं."