माठावरची पिंक

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी लग्न होऊन नारपोलीला आले. आमची चाळ आणि कापड विणणाऱ्या लूमच्या शेडची भिंत यांच्यामधल्या पट्ट्यात लोक काहीही टाकायचे. कोंबडीची आतडी, तेलकट चिंध्या, पोरांची शी. मागची खिडकी उघडली की मला मळमळायचं.

पुढे मला दिवस गेले आणि तपासणीत रक्त कमी निघालं. चाळीतल्या बऱ्याच बायकांचं तेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पालेभाज्या खा. सासूबाईंनी बायका गोळा करून ती घाण उपसली, माझ्या माहेराहून, कोन गावावरून, गाडीभर माती मागवली आणि लाल माठ, चवळी, भेंडी लावली. पाणी सगळ्यांनी घालायचं, भाजी सगळ्यांनी न्यायची.

"मला त्या जागेतलं काही नको," मी म्हणाले.

"माती सगलं पचवते गं. पोटातल्याला रगत पायजे का न्हाय? खा."

नाक दाबून खाऊ लागले. जिना चढताना लागणारी धाप खरंच कमी झाली. शेजारणीच्या पोरीच्या ओठांचे कोपरे फाटायचे थांबले.

एकदा सकाळी माठ खुडताना बोटांना चिकट लागलं. वास घेतला. पान-तंबाखू! लाल पानांवर लाल पिंक, दिसणार कशी? इतके दिवस आम्ही हेच शिजवत होतो. मी तिथेच ओकले. वर गॅलरीत वरच्या मजल्यावर राहणारे लूमचे मुकादम उभे होते, गाल फुगलेला.

"काका, खाली खायची भाजी आहे!"

ते बाजूला थुंकले. "मग धुऊन घ्या की. बाजारातली काय गंगेत धुतात?"

ती जुडी घेऊन मी वर गेले. त्यांची बायको दारात तांदूळ निवडत होती. जुडी तिच्या पुढ्यात ठेवली.

"काकू, आज ही शिजवा आणि काकांना वाढा."

तिनं पानं चाचपली, बोटं पाहिली, पदराला पुसली. मग नवऱ्याकडे वळली. "मी पोरांना हीच घातली. आणि तुम्ही वरून थुंकत होता?"

तिनं त्याच दिवशी गॅलरीला गोणपाट बांधलं आणि खाली येऊन माठाचा अख्खा वाफा स्वतः उपटून फेकला. नव्यानं बी टाकलं.

मला मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. बाळंतपणातही सासूबाईंनी तीच भाजी घातली. दर घासाला किळस गिळत मी खाल्ली.

मुकादम मग जिन्यात थुंकू लागले. मी तिथे होते तोवर तो कोपरा कधी सुकला नाही.