लाह्यांची वाळू

मला सातवा लागला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं, ‘हंडा उचललास तर हेही जाईल.’ ‘हेही’ म्हणाल्या, कारण पहिलं बाळ हंडे वाहता वाहताच गेलं होतं.

आम्ही उल्हासनगरला कॅम्प पाचमधल्या बराकीत राहत होतो. आजूबाजूला फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं. नळ एकच, तोही बराकीच्या कोपऱ्यापलीकडे, आणि पाणी संध्याकाळी तासभर. घरात दुसरी बाई नाही. शेजारच्या सिंधी अम्मा मला हंडाभर पाणी आणून देत, पण त्यांचेच गुडघे धरलेले. किती दिवस देणार? माझा धीर सुटत चालला होता.

ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, यावर तोड काढली. अंबरनाथला त्यांच्या कारखान्यात परदेशी यंत्राबरोबर आलेली प्लास्टिकची नळी उरली होती. साहेबांना विचारून ती खांद्यावर घालून त्यांनी घरी आणली. प्लास्टिक तेव्हा नवलाचंच. सगळ्यांचं भरून झालं की नळी नळाला जोडायची, पाणी थेट आमच्या मोरीत. फक्त कोपऱ्यावर ती वळवायला हवी होती, आणि ती तर काठीसारखी ताठ. तिला बसेल असा जोड बाजारात नव्हता. रबरी नळी परवडत नव्हती.

रविवारी त्यांनी नळी स्टोव्हवर धरली. धूर, घाण वास, आणि वाकवताच ती चपटी होऊन आतून बंद झाली. तेवढा तुकडा कापून टाकला. उरलेली जेमतेम पुरणार होती.

‘आता चुकलं तर संपलं,’ ते म्हणाले.

तेव्हा मला लाह्या आठवल्या. नागपंचमीच्या आधी माहेरी आम्ही कढईत वाळू तापवून लाह्या फोडायचो. नळीत गरम वाळू भरली तर ती मऊ पडेल, आणि पोटात वाळू असल्यावर चपटीही होणार नाही.

‘अगं, डोकं आहे तुला!’ ते म्हणाले. मीही फुशारले. वाळू तापली का ते बघायला ज्वारीचा दाणा टाकला. फट्दिशी फुटला, पांढरीशुभ्र लाही. ‘झाली,’ मी म्हटलं.

खालच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबून त्यांनी वरून वाळू ओतली. नळी छान वळली. मग वळतच राहिली. शिजलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखी लुळी पडली, भोक पडलं आणि वाळू भसाभसा जमिनीवर आली. लाहीची आच तिला कुठली सोसायला!

‘इतकी तापवायला कुणी सांगितलं होतं?’

‘आणि ओतली कुणी?’

भांडून झालं, मग दोघं त्या वाळूकडे बघत बसलो. पोटात बाळ हलत होतं, आणि त्याचं काय होईल याचीच मला भीती वाटत होती.

संध्याकाळी नळावर हंड्यांचा खणखणाट सुरू झाला. अम्मा आपल्या दारातूनच म्हणाल्या, ‘आज हमसे नहीं होगा बेटी, घुटना सूज गया है.’

मी पदर खोचला आणि हंडा घेतला. ह्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. चुंबळ करता येत नव्हती म्हणून टॉवेल कसाबसा गुंडाळून डोक्यावर ठेवला आणि जाऊन बायकांच्या रांगेत उभे राहिले. आमच्या बराकीत पुरुष पाणी भरत नसत. कुणीतरी फिदीफिदी हसलं.

अम्मा दारातून कडाडल्या, ‘हँसती क्या हो? आगे जाने दो उसको!’

ते परतले तेव्हा निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलेलं होतं. हंडा मोरीत ओतून पुन्हा गेले. बाळंत होईपर्यंत रोज गेले. मुलगी सुखरूप झाली.

ते पहिल्यांदा पाण्याला गेले, त्या संध्याकाळी मला आनंद व्हायला हवा होता. मी मात्र दारात बसून पहिल्या बाळासाठी रडत होते. नळ तेव्हाही तिथेच होता, आणि संध्याकाळी हे तेव्हाही घरीच असायचे.