झुंबरआत्याच्या ओट्यापासूनचा सेक्शन

करुणाच्या हातून ड्रॉइंग वेळेवर सुटलंय असं मी कधी पाहिलं नाही. तिच्या ड्रॉइंगमुळे साइटवर गोंधळ झालाय असंही क्वचितच पाहिलं असेल, पण मला राग यायचा तो पहिल्या गोष्टीचाच. शिरूरच्या एसटी स्टँडमागे सत्यजीत साहेबांचं आर्किटेक्टचं ऑफिस होतं. मी, जालिंदर, तिथला साइट सुपरवायझर आणि ती ड्राफ्ट्समन. कवठे येमाईपासून वडगाव रासाईपर्यंत मोटारसायकल दामटायची मी, मिस्त्र्यांची बोलणी खायची मी, आणि ही बाई स्क्रीनला नाक लावून एकेक रेघ न्याहाळत बसणार. तिला भजी दिली तरी आधी अर्धी तोडून आत बघायची, मग खायची.

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास साहेबांनी नवं सॉफ्टवेअर आणलं. त्यात आख्खी इमारत कॉम्प्युटरमध्ये उभी करायची, तिला मॉडेल म्हणायचं, आणि मग ती हवी तिथे कापायची. कलिंगड कापल्यावर आतलं दिसतं ना, तसं पायापासून स्लॅबपर्यंत सगळं आतून दाखवणारं चित्र म्हणजे सेक्शन. जे कापलं गेलं ते जाड रेघेत, मागचं बारीक रेघेत. साहेब येईल त्याला खुशीत सांगायचे, "आता एक बटण दाबलं की सेक्शन तयार." बटण दाबल्यावर जे बाहेर पडायचं ते बघून कपाळाला हात लावायची वेळ. मागच्या मोरीतला नळ पुढच्या खोलीत, जिन्याच्या पायऱ्या भिंतीतून आरपार, आणि बीम-स्लॅब भेटतात तिथे रेघांचं नुसतं जाळं.

या जाळ्याला करुणा केर म्हणायची. ऑफिसातली बाकीची पोरं स्क्रीनवरच केरावर पांढरा तुकडा चिकटवून मोकळी व्हायची. कागद स्वच्छ, आतला घोळ तसाच. करुणाला ते अजिबात खपत नसे. एकेका जादा रेघेसाठी ती पुन्हा मॉडेलमध्ये शिरायची, भिंत स्लॅबला नीट जोडायची, नळ मागे सारायची. रेघ आपोआप गेली की मगच पुढच्या रेघेला हात घालायची. "केर कुठनं आला ते आधी बघायचं," असं म्हणताना ती माझ्याकडे अशी बघायची, जणू तो मीच आणून टाकलाय.

वडगाव रासाई तिचं माहेर. तिथल्या बौद्ध वस्तीत विहार बांधायचं ठरलं आणि काम आमच्याकडे आलं. जागा दिली होती झुंबरआत्यानं. ती करुणाच्या वडिलांची आत्या, पण आख्खी वस्ती तिला आत्याच म्हणायची. तिच्या घरासमोर, रस्त्यापलीकडे, गुरं बांधायची जागा होती, ती तिनं विहाराला देऊन टाकली. भीमेचं पाणी वर येतं म्हणून विहाराचं जोतं उंच धरलेलं, चढायला पायऱ्याच पायऱ्या. आणि आत्याचे गुडघे केव्हाच गेलेले. उचलून नेतो म्हटलं की बाई भडकायची.

"मी काय पोतं हाय व्हय उचलाय? माझ्या वट्यावर बसल्या जागी बुद्धाचं तोंड दिसलं पायजे. दुसरं काय मागत न्हाई मी."

करुणानं तिला शब्द दिला. विहाराचं दार त्यासाठी मुद्दाम उंच केलं, मूर्तीची जागा बरोबर दारासमोर धरली. सेक्शन एरवी कंपाउंडपाशी संपतो. हिनं तो रस्ता ओलांडून आत्याच्या ओट्यापर्यंत ताणला आणि मला फर्मान सोडलं, "जालिंदरभाऊ, ओट्याची उंची मोजून आणा. आन् आत्या बसल्यावर तिचा डोळा कुठं येतो तेबी."

मी टेप घेऊन म्हातारीच्या तोंडासमोर उभा. ती म्हणाली, "झंपराचं माप घ्याया आलास व्हय रं?" वस्तीतल्या बाया पदरात तोंड घालून हसल्या. मी माप घेतलं आणि वाटभर करुणाच्या नावानं बोटं मोडली.

सॉफ्टवेअरमध्ये माणूस म्हणून कोटातला एक साहेब मिळायचा. करुणानं त्याला हाकललं आणि ओट्यावर पदर घेतलेली म्हातारी काढून बसवली. ते बघून मात्र मी बोटं मोडायचं थांबवलं.

मग तो दिवस आला. विहार समितीचे अध्यक्ष साहेबरावमामा, दौंडच्या रेल्वेतून रिटायर झालेले, सकाळीच ऑफिसात येऊन बसले. दुसऱ्या दिवशी पोर्चच्या सेंट्रिंगला, म्हणजे स्लॅबचा साचा ठोकायला, माणसं येणार होती, ड्रॉइंग न्यायचं होतं. सेक्शन झालेला होता. फक्त पोर्चच्या स्लॅबखाली दोन बारीक रेघा लोंबत होत्या.

"झाक ते आणि प्रिंट दे," साहेब म्हणाले.

"येवढ्याशा रेघंनी काय व्हतंय पोरी? मानसं यायच्यात उद्या," मामा म्हणाले.

मीही घड्याळाकडे बघून घसा खाकरला. करुणाला आमची पर्वा कधी नव्हती, पण मामा तिच्या माहेरचे. तिनं जन्मात पहिल्यांदा तो पांढरा तुकडा घेतला आणि रेघांवर ठेवला. चित्र एकदम स्वच्छ झालं. मामा उठायला लागले. तेवढ्यात तिनं तुकडा काढला, म्हणाली, "बसा मामा जरा," आणि मॉडेलमध्ये शिरली.

तो केर नव्हता, बीम होता. स्ट्रक्चरल इंजिनिअरनं पोर्चच्या तोंडाशी नव्यानं, स्लॅबखाली खोल उतरणारा एक बीम सुचवला होता. तो आदल्या आठवड्यात करुणानंच घाईत, तात्पुरता म्हणून मॉडेलमध्ये टाकला होता. त्यामुळे तो जाड रेघेत न येता केरासारखा दिसत होता. तिनं तो नीट केला. स्लॅबखाली जाड काळा चौकोन लोंबायला लागला. मग तिनं म्हातारीच्या डोळ्यापासून मूर्तीच्या चेहऱ्यापर्यंत एक रेघ ओढली. रेघ बीमला जाऊन थडकली.

मामांना नकाशातलं कधी काही कळलं नव्हतं. त्यांनी स्क्रीनवरच्या म्हातारीवर बोट ठेवलं, रेघेवरून हळूहळू वर नेलं आणि बीमपाशी थांबवलं.

"आत्याला मांडी दिसंल, हात दिसतील," ते म्हणाले. "तोंड न्हाई दिसायचं."

"मीच टाकला हा बीम, मामा. आन् मीच इसरले." करुणाचे डोळे भरून आले होते. इंजिनिअरच्या ड्रॉइंगवरून मिस्त्रीनं बीम ओतलाच असता, आणि आमच्या स्वच्छ सेक्शनमध्ये तो कुणाला दिसलाही नसता.

साहेबांनी लगेच इंजिनिअरला फोन लावला. दोघांची बरीच हुज्जत झाली, आणि शेवटी उलटा बीम ठरला, म्हणजे स्लॅबच्या खाली लोंबणारा नव्हे, तर वर कठड्यासारखा उठलेला. करुणानं बीम वर उचलला. रेघ मोकळी होऊन थेट चेहऱ्यापर्यंत गेली. मामांनी सेंट्रिंगवाल्यांना दोन दिवस पुढे ढकललं आणि दुसरा चहा मागवला.

पुढच्या बुद्ध पौर्णिमेला विहाराचं उद्घाटन झालं. वंदना झाली, मूर्तीवरचा पडदा निघाला, सत्कार सुरू झाले आणि माइकवर करुणाचं नाव पुकारलं. बाईचा पत्ता नाही. नेहमीप्रमाणे चिडून मीच शोधायला निघालो. पांढरी साडी नेसलेली करुणा रस्त्यापलीकडे आत्याच्या ओट्यावर बसली होती, आपला डोळा तिच्या डोळ्याच्या उंचीला येईल इतकी मान खाली करून. आत्या समोर बघत होती. हात जोडलेले.

"आत्या," करुणानं मोठ्यानं विचारलं, "दिसतंय का गं तोंड?"

"हळू बोल, पोरी," आत्या म्हणाली. "डोळं मिटल्यात त्यांनी."

माइकवर करुणाचं नाव पुन्हा पुकारलं. मी तिला हाक मारायला आलो होतो, तो ओट्याच्या कडेला टेकलो.