भुताच्या मिशा

समोरच्या घरातल्या विम्याच्या कारकुनाने मला फसवलं, आणि तेही माझ्याच घरातलं सामान वापरून.

मुरलीपुऱ्यात मी रिकाम्या हाताने येऊन कारखाना उभा केला. घासाघिशीत मला अजून कोणी हरवलेलं नाही. हा माणूस मात्र टाकाऊ सामानातून खेळणी करत बसतो, बोटांना सुकलेली खळ घेऊन दारात येतो आणि हळूच विचारतो, "मतलब, फेकायचं काही आहे का?"

त्याच्या बहिणीने अमेरिकेहून हॅलोविनच्या, म्हणजे तिकडच्या भुतांच्या सणाच्या, सजावटीचा फोटो पाठवला, तेव्हा यंदा दिवाळीत गल्लीतल्या पोरांसाठी किल्ल्याऐवजी भूतबंगला करायचं त्याने ठरवलं. मी बुटांचं खोकं, आगपेट्या आणि दाढीचा जुना ब्रश दिला, पण एका अटीवर: बंगला माझ्या अंगणात मांडायचा.

"तुम्ही म्हणाल तसं, भाऊसाहेब."

बंगला झकास झाला. काजळीने काळ्या केलेल्या भिंती, कापसाची कोळिष्टकं. किल्ल्याची सवय सुटेना म्हणून दारात दोन मातीचे मावळेही पहाऱ्याला! शब्दही त्याने पाळला. पण पोरं बंगल्याच्या खिडकीतून आत बघून खिदळत होती, म्हणून मी वाकलो. आत एक भूत कमरेवर हात ठेवून ओरडत होतं. त्याला हुबेहूब माझ्या मिशा होत्या, माझ्याच ब्रशाच्या केसांच्या.

"काका, हे तुम्हीच ना?" एका चिमुरडीने विचारलं. बायको हसून हसून खालीच बसली.

बंगला मी हलवू देणार नाही, सौदा म्हणजे सौदा. पण कारकूनसाहेब, दिवाळी संपायच्या आत माझ्या दारात या आणि सांगा: भुताला द्यायला अख्ख्या गल्लीत दुसरं तोंड नव्हतं?