भिंतीतला नळ

नांदेडला आम्ही नळ घ्यायला गेलो नव्हतो. सासूबाईंच्या, म्हणजे माझ्या आत्याबाईंच्या, बोटांचे सांधे दाखवायला गेलो होतो. डॉक्टरांनी बोटं दाबून पाहिली, गोळ्या लिहून दिल्या, जड काही उचलू नका म्हणाले. बाहेर पडलो तर त्याच रस्त्याला फरशी आणि बाथरूमच्या सामानाचं मोठं दुकान. लातुरात आमच्या घराचं काम पाण्यावाचून अडलं होतं, गवंडी रिकामे बसले होते. निवड करायचं नवऱ्यानं माझ्यावर सोपवलं होतं. म्हटलं, आलोच आहोत तर पाहून घेऊ.

त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. आमच्या भाड्याच्या घरापाशी टँकर आला की सगळी गल्ली घागरी घेऊन पळायची. अशा दिवसांत मी बेसिनचे नळ निवडत होते. लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण हौसही दांडगी होती. जिची उभी हयात ड्रमातून तांब्यानं पाणी घेण्यात गेली, तिला गुळगुळीत भिंतीतून निघालेला नळ दिसला की भान राहत नाही. बेसिनवर काही नाही, मळ साचायला कड नाही. भिंतीतून बाहेर आलेली एक तोटी आणि दोन्ही बाजूंना दोन छोट्या, गोल, चकचकीत मुठी. घरभर अशाच मुठी हव्यात, असं मी सांगून टाकलं.

दुकानदारानं आत्याबाईंना खुर्ची दिली, पण त्या बसल्या नाहीत. पलीकडे एका नळापाशी थांबल्या. त्याला मुठीऐवजी लांब दांडी होती. त्यांनी ती मनगटानं वर केली, खाली केली, पुन्हा वर केली.

"ह्यो बरा वाटतोय की," त्या म्हणाल्या.

"अहो आत्याबाई, हा तर दवाखान्यातला वाटतो," मी म्हणाले आणि हसले. दुकानदारही हसला. मग त्याही हसल्या.

"तुझ्या मनाला येईल त्यो घे. मला काय कळतंय त्यातलं."

त्यांच्या बोटांच्या गोळ्या तेव्हा माझ्याच पर्समध्ये होत्या.

दुकानदारानं एवढंच बजावलं, की या नळाचं अर्धं अंग भिंतीत जातं. टाइल्स लागल्या की विषय संपला, नंतर भिंत फोडावी लागेल. मी मान डोलावली. मला कुठे बदलायचा होता?

पाऊस झाला, घर झालं, आत्याबाई आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या. नळाला पाणी येऊ लागलं. पण त्या बेसिनचा नळ काही उघडत नसत. मी सकाळी भरून ठेवलेल्या बादलीतून प्लास्टिकचा छोटा जग भरून घ्यायच्या आणि हात-तोंड धुवायला तेवढंच पाणी पुरवून वापरायच्या. लातूरकराला यात नवल वाटत नाही. दुष्काळात लागलेली सवय. आमच्या गल्लीत अजून कुणी भाजी धुतलेलं पाणी फेकत नाही. मीही तसंच समजले. समजून गप्प बसले असते तर एक वेळ चाललं असतं. मी ते मिरवलं. घर पाहायला येणाऱ्यांना आधी नळ दाखवायचे, नंतर आत्याबाईंचा जग. "पाण्याची किंमत यांच्याकडून शिकावी," असं म्हणायचे. कॉलेजात शिकवताना मुलींना त्यांचं उदाहरण दिलं. आत्याबाई समोर असल्या की पदर सावरत खाली बघायच्या. मला वाटायचं, संकोचल्या.

अशी दोन-तीन वर्षं गेली. एकदा मी कॉलेजातून लवकर परतले. आत्याबाई नुकत्याच जेवून उठल्या होत्या. वरणभातानं माखलेला उजवा हात अंगापासून दूर धरून बेसिनपाशी उभ्या होत्या. जग रिकामा होता, आणि बादली भरायची त्या दिवशी मी विसरले होते. खरकटा हात कशालाही लावायचा नाही हा त्यांचा जन्माचा नेम, म्हणून नळाला डावा लावला; आणि डाव्याचीच बोटं जास्त वाकडी. मूठ बोटांत येईना. तळव्यानं फिरवून पाहिली, तो घसरला. कोपर टेकवून पाहिलं. शेवटी नाद सोडून त्यांनी जुन्या फडक्याला हात पुसला आणि बोटांमधली शितं एकेक काढू लागल्या.

मी पुढे होऊन नळ सोडला. "कधीपासून असं होतंय, आत्याबाई?"

"पैल्यापासनंच," त्या म्हणाल्या. "तू लई हौसंनं आणलंस. भिताडात पुरलेलं हाय, आता काय बदलाय येतंय व्हय? आन पावण्यांम्होरं तू एवढं कवतिक करतीस. मी काय बोलू?"

म्हणजे आधी मी त्यांचा नळ बंद केला आणि मग कौतुक करून करून तोंड.

प्लंबरला बोलावलं, भिंत फोडायच्या तयारीनं. भिंत फोडावी लागलीच नाही. आतलं तसंच ठेवून वर दांडीच्या मुठी बसतात म्हणे. बेसिनच्या मुठी बदलून झाल्या तरी मी ठेवलेला चहा उकळला नव्हता. इतकी वर्षं मी एका शब्दानं कुणाला विचारलं नव्हतं.

तो गेल्यावर आत्याबाईंनी मनगटानं दांडी ढकलली. दोन्ही हात धारेखाली धरले, तोंडावर पाणी मारलं, मानेवरून ओला हात फिरवला आणि पुन्हा हात धारेखाली धरून डोळे मिटले. जिच्या काटकसरीचे गोडवे मी गावभर गात होते, ती बाई नळ बंदच करेना. मी दारात उभी आहे हे मग त्यांना आरशात दिसलं. दचकून त्यांनी झटकन दांडी ओढली.

"लई सांडलं का गं?"

नाही हो, म्हणत मी नळ पुन्हा सोडला. पण त्यांनी ओले हात पदराला पुसले होते, आणि मी कितीही म्हटलं तरी त्या काही पुन्हा धारेखाली धरेनात.